थंड पाण्यातले खेळ आणि गरम कपडे: वेटसूट, ड्रायसूट की आणखी काही?

निळाई:
नमस्कार मंडळी. कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) चालवायला मी उबदार पाण्यात शिकले. आता वसंतात, बर्फ वितळून भरणाऱ्या एका मोठ्या तलावावर जायचं ठरतंय. त्या दिवसांत तिथे ऊन छान असतं, हवा १८ ते २० अंश सेल्सियस, पाणी मात्र ८ अंशांच्या आसपास. माझ्याकडे ट्रेकिंगचे कपडे आहेत: थर्मल, फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट. सोबतच्यांपैकी काही जण म्हणतात एवढं पुरे, वल्हवताना घामच येतो. काही म्हणतात वेटसूट घे, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी सूट, ज्यात थोडं पाणी शिरतं. एक जण तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट, नसेल तर येऊच नकोस म्हणतो. दोन्ही घेणं मला शक्य नाही. एकच घ्यायचं आहे आणि ते काही वर्षं टिकायला हवं. निवड नेमकी कशावरून करायची तेच कळत नाहीये. कयाक, सर्फिंग, शिडाची होडी, पोहणं, डायव्हिंग, थंड पाण्यात ज्यांनी काहीही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वल्हेकरी:
निळाई, बरं झालं निघण्याआधी विचारलंत. सगळ्यात आधी हवेचा तो १८-२० चा आकडा डोक्यातून काढून टाका. तुमच्या कामाचा आकडा ८ आहे. कपडे पाण्याच्या तापमानाला घालायचे आणि आपण पाण्यात पडणारच आहोत असं धरून घालायचे. "मी सहसा उलटत नाही" हा हिशोब इथे चालत नाही.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. त्यामुळे २० अंशांच्या हवेत आपण शर्टावर मजेत बसतो, पण २० अंशांच्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी थोड्या वेळाने कुडकुडायला लागतो. ८ अंशांची गोष्ट तर फारच वेगळी. वसंत ऋतू म्हणूनच मला हिवाळ्यापेक्षा जास्त घातक वाटतो. हवा पटकन तापते, मोठं पाणी कित्येक आठवडे मागे रेंगाळतं. उत्तर गोलार्धात समुद्र सगळ्यात थंड असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. कडाक्याच्या थंडीत कोणी पातळ कपड्यात होडीवर बसत नाही, उन्हात मात्र सगळे बसतात.

ट्रेकिंगचं वॉटरप्रूफ जाकीट वरून पडणारा पाऊस अडवतं. पाण्यात पडलात की गळ्यातून, मनगटातून, कमरेतून पाणी आत येणार. फ्लीस ऊब देतं ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. ती हवा गेली आणि आतलं पाणी सतत बदलत राहिलं, तर फ्लीसचा उपयोग जवळजवळ संपतो. सुती कपडे तर मुळीच नकोत, आतले कपडेसुद्धा सुती नकोत.

घाम येतो हे खरं आहे. पण उकाड्यावर हजार उपाय आहेत: टोपी पाण्यात बुडवून डोक्यावर घाला, हात पाण्यात धरा, किनाऱ्यालगत जाऊन एक डुबकी मारा. गारठलेल्या माणसाला तलावाच्या मध्यावर कुठलाच उपाय नसतो.

नाडीपरीक्षा:
मी डॉक्टर आहे आणि स्वतः थंड पाण्यात पोहतो, म्हणून शरीराच्या बाजूने लिहितो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असं सूत्र दिलं आहे. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची साधारण १० मिनिटं हातापायांची उपयोगी हालचाल करायला, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण क्रम महत्त्वाचा आहे.

लोक घाबरतात ते शेवटच्या तासाला, म्हणजे हायपोथर्मियाला, ज्यात शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जातं. प्रत्यक्षात अनेक जण त्याच्या फार आधी बुडतात. थंड पाणी त्वचेला लागताच न ठरवता मोठा श्वास आत घेतला जातो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांनी यावर बरंच काम केलं आहे. हा धक्का १० ते १५ अंशांच्या पाण्यातच पूर्ण जोरात बसतो, म्हणून "पाणी बाराच अंश तर आहे, बर्फाळ थोडंच आहे" ही समजूत काढून टाकावी.

यावरून कपड्यांकडे बघा. पहिल्या मिनिटासाठी पाणी एकदम त्वचेला भिडू नये असं काहीतरी हवं. दहा मिनिटांसाठी हात झाकलेले हवेत, कारण बोटं आधी जातात. शेवटच्या तासासाठी जाड ऊब हवी. आणि या सगळ्याच्या आधी लाइफजॅकेट, अंगात घातलेलं आणि पट्टे आवळलेलं. होडीला बांधून ठेवलेलं लाइफजॅकेट पहिल्या मिनिटात कामाला येत नाही. पडल्यावर पोहायची घाई करू नका. तरंगत राहा, श्वास लागू द्या, मग पुढचं.

उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी या खेळांत उतरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावंच.

लाटवेडा:
वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. मी सर्फिंगवाला, त्यामुळे वेटसूटबद्दल.

एक गैरसमज सगळीकडे दिसतो: वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि ते आपल्याला गरम ठेवतं. खरं काम करतं ते निओप्रीन. या रबरात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात आणि ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आत शिरलेलं पाणी तापवायला उलट आपलीच उष्णता खर्च होते. ते पाणी थोडं असावं आणि आतच राहावं, एवढंच. कल्पना जुनी आहे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीनचा सूट केला, आणि अंग कोरडं नसलं तरी चालतं हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

म्हणून माझ्या मते जाडीच्या आधी माप. सैल बसणारा ५ मिलिमीटरचा सूट अंगाला चिकटून बसणाऱ्या ४ मिलिमीटरच्या सूटपेक्षा गार पडतो, कारण प्रत्येक हालचालीला आत नवीन थंड पाणी येतं. घालून बघताना कमरेच्या खळग्यात, काखेत, मांडीच्या सांध्यात आणि गळ्याशी पोकळी राहते का ते पाहा. उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा. कोरडा असताना थोडा आवळच वाटला पाहिजे, पाण्यात तो जरा सैलावतो. पण पूर्ण श्वास घेता येत नसेल तर तो तुमचा नाही. घालताना पायात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो. नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवा.

सूटवर ४/३ किंवा ५/४ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धडाची जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा हातापायांची. ढोबळ मानाने पाणी १७-१८ अंशांपर्यंत गार असलं तर ३/२ चालतो, १३-१४ पर्यंत ४/३, १० च्या आसपास ५/४, आणि त्याखाली ६ मिलिमीटर, हूड (डोकं-कान झाकणारी टोपी), बूट, हातमोजे सगळंच. पण वारा, तुमची शरीरयष्टी आणि पाण्यात किती वेळ राहणार यावर हे एक पायरी वर-खाली होतं.

शिवण जरूर पाहा. सपाट शिवणीचे सूट उन्हाळ्याचे असतात, टाक्यांच्या भोकांतून पाणी झिरपतं. थंडीसाठी आधी चिकटवून मग सुई आरपार न जाऊ देता शिवलेली शिवण हवी, आणि आतून पट्टी लावलेली असेल तर उत्तमच. बाहेरून कापड लावलेलं निओप्रीन जास्त टिकतं, पण कापड पाणी धरून ठेवतं आणि वाऱ्यात ते गार पडतं. छातीवर गुळगुळीत उघडं रबर असलं तर वारा कमी लागतो.

निळाई:
इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. लाटवेडा, पण तुम्ही पाण्यातच असता. मी बहुतेक वेळ पाण्यावर बसलेली असणार आणि खांदे सतत फिरणार. कयाकवाल्यांकडे बिनबाह्यांचा वेटसूट आणि वर जाकीट असं पाहिलंय. ८ अंशांना ते पुरेल का?

वल्हेकरी:
प्रश्न अगदी योग्य जागी आलाय. बिनबाह्यांचा ३ मिलिमीटरचा सूट वल्हवणाऱ्यांचा आवडता आहे, कारण जाड बाह्या दिवसभर खांद्यांशी भांडतात. वर मनगटाला आणि गळ्याला सील (पाणी अडवणारी घट्ट कड) असलेलं जाकीट घातलं की १४-१५ अंशांच्या पाण्यात, किनाऱ्याजवळ, सोबत असताना मी तेवढ्यावर जातो. ८ अंशांना आणि मोठ्या तलावावर नाही जाणार. तिथे माझं उत्तर ड्रायसूट हेच आहे.

कारण तुम्हीच लिहिलंय. सर्फरचं अंग सतत चालू असतं, मोठे स्नायू उष्णता तयार करत असतात. कयाकवर तुम्ही भिजून परत होडीत बसलात की ओल्या वेटसूटवर वारा लागत राहतो आणि पुढचे दोन तास तसेच काढायचे असतात. ड्रायसूटमध्ये पडून उठलात तरी आतून कोरडेच.

पण नीट समजून घ्या, ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. पातळ पडद्याच्या कापडाचा ड्रायसूट म्हणजे फक्त पाणी अडवणारी पिशवी. ऊब आतल्या कपड्यांची. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस. तुमचे ट्रेकिंगचे थर्मल आणि फ्लीस इथे कामाला येतील, ते वाया जाणार नाहीत. आतला थर पाण्याप्रमाणे कमी-जास्त करता येतो, त्यामुळे एकच वस्तू वर्षभर वापरायची असेल तर ड्रायसूट जास्त ऋतूंना पुरतो.

घेताना तीन गोष्टींवर तडजोड करू नका. कापड श्वास घेणारं हवं, नाहीतर घामानेच आतले कपडे भिजतील. पायाला त्याच कापडाचे मोजे जोडलेले हवेत, घोट्याला सील असलेले नकोत, कारण पाय कोरडे राहिले तर दिवस वेगळाच जातो. आणि स्त्रियांसाठी वेगळी, मागून उघडणारी झिप मिळते ती घ्याच. ती नसली की बायका लघवी टाळायला पाणी पिणं कमी करतात, आणि मग दिवसभर वल्हवताना थकवा आणि डोकेदुखी पदरी पडते. ही चैन नाही, गरज आहे.

पाण्यात जाण्याआधी गुडघ्यात वाकून, हात अंगाशी घट्ट धरून गळ्याचं सील बोटाने जरा उघडा, जास्तीची हवा निघून जाईल. आत हवा राहिली तर पडल्यावर ती पायांत जमते आणि हालचाल करू देत नाही.

शिडाची_होडी:
इथे थोडा मतभेद नोंदवतो. मी लहान शिडाच्या होड्या चालवतो, आमच्याकडे होडी उलटणं रोजचंच. ड्रायसूटची ऊब सीलच्या एका पातळ लेटेक्सच्या (ताणणाऱ्या रबराच्या) कडेवर आणि एका झिपवर अवलंबून असते. गळ्याचं सील अंगात घालताना फाटलं की तो दिवस संपला. आणि ते पाण्यात फाटलं तर आतला फ्लीस भिजणार, म्हणजे परत तेच ट्रेकिंगचे कपडे. वेटसूटला भोक पडलं तर तेवढीच जागा गार लागते, बाकीचा सूट काम करत राहतो. नव्या माणसाला, जो झिप अर्धवट लावून पाण्यात उतरू शकतो, त्याला मी आधी चांगला वेटसूटच सांगतो.

वल्हेकरी:
शिडाची_होडी, मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच निघण्याआधी जोडीदाराने एकमेकांच्या झिपा तपासायच्या हा आमच्या गटात नियम आहे. सीलही अचानक कमी वेळा फाटतं. आधी ते चिकट होतं, कडेला बारीक चिरा दिसतात. मोसमाच्या सुरुवातीला ताणून बघितलं तर कळतं. पण ८ अंशांत तासभर तरंगायची वेळ आली तर मला कोरडा फ्लीस अंगात हवा, यावर मी ठाम आहे. आणि एक खुलासा, कारण लोक याला घाबरतात: ड्रायसूटमध्ये पाणी भरलं तर ते माणसाला तळाशी ओढत नाही, पाण्यात पाण्याचं ओझं होत नाही. ओझं होतं ते होडीत परत चढताना, तेव्हा मात्र फार त्रास होतो.

खोल_पाणी:
डायव्हिंगवाल्याकडून एक इशारा. वापरलेला ड्रायसूट शोधताना डायव्हिंगचा आणि पृष्ठभागावरचा यांची गल्लत करू नका. खाली जाताना दाब वाढतो, १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि वायूचं आकारमान निम्म्यावर येतं. म्हणून आमच्या ड्रायसूटला हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची झडप असते. कयाकच्या ड्रायसूटला ती नसते, तो घालून कोणी डायव्हिंगला गेलं तर सूट अंगाला आवळत जातो. उलट बाजूने, डायव्हिंगचा जड सूट वल्हवायला नकोसा होतो. जाड वेटसूटही खोलवर पातळ होतो, कारण त्यातले बुडबुडेच दबतात. वर ७ मिलिमीटर असलेला खाली ७ राहत नाही.

थंड_पाण्यातली:
मी पोहणारी. पोहायचा वेटसूट सर्फिंगच्या सूटपेक्षा वेगळा असतो, कोणी एकाच्या जागी दुसरा घेऊ नये. आमच्याकडे खांदे पातळ, साधारण दीड-दोन मिलिमीटरचे, आणि धड व मांड्या जाड, म्हणजे अंग आडवं तरंगतं. ट्रायथलॉनच्या नियमांत जाडीची मर्यादा ५ मिलिमीटर आहे. बाहेरचं रबर गुळगुळीत आणि नाजूक असतं. तो घालून खडकांवर किंवा होडीत बसू नका.

डोक्याबद्दल कोणी लिहिलं नाही. "निम्मी उष्णता डोक्यातून जाते" हे खरं नाही. डोक्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणातच जाते, म्हणजे साधारण दहा टक्के. तरीही १२ अंशांखाली हूड किंवा निओप्रीनची टोपी मी सोडत नाही, कारण थंड पाण्यात कपाळ इतकं ठणकतं की दुसरं काही सुचत नाही, आणि कानात थंड पाणी गेलं की चक्कर येते. वर्षानुवर्षं थंड पाणी आणि वारा लागून कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फिंग करणाऱ्यांत ते इतकं दिसतं की त्याला सर्फर्स इअर असंच नाव पडलंय. कयाकवाल्यांनी हेल्मेटखाली पातळ टोपी घालावी.

निळाई:
ड्रायसूटकडे मन झुकतंय. दोन प्रश्न राहिले. हातांचं काय? आणि वापरलेला घेतला तर तपासायचा कसा?

वल्हेकरी:
हातांसाठी दोन मार्ग. वल्ह्यावर बसवायचे मोठे मोजे मिळतात, त्यात उघडा हात घालायचा. पकड छान राहते, ऊबही भरपूर. पण पडलात की हात बाहेर आणि उघडा. निओप्रीनचे हातमोजे पाण्यातही अंगावर राहतात, पण जाड मोज्यांनी पकड घट्ट धरावी लागते आणि मनगट दुखतं. ८ अंशांना मी ३ मिलिमीटरचे मोजे घालतो, आधीच बोटं वळवलेल्या आकाराचे, आणि वल्ह्यावरचे मोजे सोबत ठेवतो. नाडीपरीक्षांनी लिहिलेली ती दहा मिनिटं आठवा. बकल, झिप, दोरी सगळं त्यातच करायचं असतं, तेव्हा मोजे घालून हे सगळं जमतं का ते घरी करून बघा.

बूट एक माप मोठे घ्या, आत ड्रायसूटचा मोजा आणि लोकरीचा मोजा दोन्ही मावले पाहिजेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय गारच राहतात, मग कितीही जाड तळ असो.

शिडाची_होडी:
वापरलेल्याची तपासणी: झिप शेवटपर्यंत दहा वेळा उघडा-मिटा, दात वाकलेले किंवा कडेचं कापड विरलेलं असेल तर सोडून द्या. मग झिप बंद करून गळा आणि मनगटं बांधा, आत हवा भरा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा. गळत असेल तिथे फेस येतो. सीलं खराब असली तर घाबरू नका, ती बदलता येतात. झिप बदलणं मोठं काम आहे. वापरलेला वेटसूट असेल तर निओप्रीन चिमटीत दाबून सोडा. परत फुगत नसेल, कडक झालं असेल, तर आतले बुडबुडे बसलेत आणि वर लिहिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

नाडीपरीक्षा:
काहीही घेतलंत तरी तलावावर जाण्याआधी सगळा सरंजाम अंगात घालून, सोबत कोणीतरी असताना, कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरा. मग पूर्ण भिजा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच तरंगा. कुठून पाणी येतं, बोटं किती वेळ चालतात, लाइफजॅकेट हनुवटीला लागतं का, सगळं समजतं.

आणि बाहेर आल्यावरचे कपडेही याच यादीत धरा. पाण्यातून आल्यावरही काही वेळ आतलं तापमान खाली जात राहतं, म्हणून बरं वाटत असलं तरी थांबू नका. ओलं काढा, आधी धड कोरडं करून झाका, टोपी घाला, मग पाय. सैल, झटकन चढणारे कपडे ठेवा, कारण गारठलेल्या बोटांना बटणं लागत नाहीत. गरम गोड पेय चालेल. दारू नको, ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि उष्णता आणखी जाते. लगेच कढत पाण्याने आंघोळही नको, भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

निळाई:
एका ओळखीच्यांचा, मोजे जोडलेला आणि मागून झिप असलेला ड्रायसूट मिळतोय. हवा भरून पाहिला, गळत नाही. पण नवीन लेटेक्सचं गळ्याचं सील बसवलंय ते मला फार आवळतंय. घातल्यावर दोन मिनिटांत डोकं जड झालं. सवयीने सैल होईल का, की कापायचं?

वल्हेकरी:
डोकं जड होत असेल तर तसं घालून पाण्यात मुळीच जाऊ नका. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येऊ शकते. आधी गळ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गुळगुळीत गोल भांड्यावर सील रात्रभर ताणून ठेवा. तरीही आवळलं तर सीलवर गोल रेघा असतात, त्यातली एकच रेघ धारदार कात्रीने एका दमात कापा. कड दातेरी राहिली तर तिथूनच फाटतं. मग घालून बघा, गरज पडली तरच पुढची रेघ. कापलेलं परत जोडता येत नाही. दोन बोटं जेमतेम सरकतील आणि मान वळवताना फट पडणार नाही इतपत ठेवा. सनस्क्रीन, तेल, डास पळवायचं मलम गळ्याला लावून ते घालू नका, लेटेक्स खराब होतं. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ऊन दाखवू नका. गळ्याला खाज किंवा पुरळ आलं तर लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, मग त्याच सूटला सिलिकॉनचं किंवा निओप्रीनचं सील बसवून घ्या.